आवर्तनाची भरती-ओहोटी : नांदूर मध्यमेश्वरचे पाणी आणि पाखरे

पावसाळ्यात गोदावरीच्या खोऱ्यात पावसाने जोर धरला की नांदूर मध्यमेश्वर हे नाव वृत्तपत्रांत वारंवार छापले जाते आणि ते बहुधा एखाद्या आकड्याला जोडूनच येते. गंगापूर आणि दारणा धरणांतून किती विसर्ग सुरू आहे आणि नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावरून किती पाणी जायकवाडी धरणाच्या दिशेने गेले, याचा तो हिशेब असतो. तो क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या घनफुटांत मांडतात, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. नाशिकच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात असलेला हाच बंधारा हिवाळ्यात मात्र दुसऱ्याच मोजदादीसाठी ओळखला जातो. पहाटेच्या धुक्यात दुर्बिणी घेऊन उभे असलेले अभ्यासक येथे बदके, करकोचे आणि चिखलात चोच खुपसणारी लहानमोठी पाखरे मोजत असतात. पाण्याची मोजणी करणारे आणि पाखरांची मोजणी करणारे यांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. परंतु या जागी पाण्याची पातळी वीतभर वर-खाली झाली की दिसणाऱ्या पाखरांची यादीही बदलते, आणि म्हणून येथील पक्षिनिरीक्षण हे मुळात पाणी वाचण्याचे शास्त्र आहे.

बंधारा, गाळ आणि पाणथळ

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सह्याद्रीचा माथा सोडून पूर्वेकडे वळताच पर्जन्यछायेच्या प्रदेशात शिरते. समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर बहुतेक पाणी रिते करतात आणि डोंगराच्या पलीकडच्या मुलखात कोरडे होऊन पोहोचतात, या स्थितीला पर्जन्यछाया म्हणतात. घाटमाथ्यावरील इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या निफाड परिसरात तो सुमारे ५०० मिलिमीटरच्या घरात उतरतो. घाटावरचे हे पाणी अवर्षणप्रवण भागाला मिळावे म्हणून ब्रिटिश राजवटीत गोदावरी कालव्यांची योजना आखण्यात आली. तिच्यातून १९०७ नंतरच्या काही वर्षांत गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे दगडी बंधारा उभा राहिला आणि १९१६ मध्ये इगतपुरी तालुक्यात दारणा धरण पूर्ण झाले.

या बंधाऱ्याचे मूळ काम पाणी साठवण्याचे नव्हते, तर वळवण्याचे होते. वरच्या धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत येते, बंधाऱ्यापाशी अडून त्याची पातळी उंचावते आणि उजव्या व डाव्या कालव्यांतून ते कोपरगाव-राहात्याकडच्या शेतीला जाते. पुढील काळात मराठवाड्यातील वैजापूर आणि गंगापूर या तालुक्यांसाठी येथूनच जलद कालवाही काढण्यात आला. अशा रचनेला वळण बंधारा म्हणतात. शंभर वर्षांच्या काळात नद्यांनी आपल्यासोबत वाहून आणलेली काळी माती बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात थराथराने बसत गेली, जलाशय उथळ होत गेला, पात्रात गाळाची बेटे तयार झाली, त्यांवर लव्हाळे, पाणकणीस आणि गवत वाढले, आणि कडेला पसरट, चिखलट काठ निर्माण झाले. स्थापत्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे जलाशयाचा ऱ्हास. पाखरांच्या दृष्टीने मात्र त्या गाळातच अन्न होते, कारण उथळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोहोचते, त्यामुळे पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आधाराने किडे, अळ्या, गोगलगायी आणि मासे वाढतात, आणि या सगळ्यांवर पाखरे जगतात.

जमीन आणि पाणी यांची सीमा जेथे स्थिर नसते, जेथे माती वर्षाचा बराच काळ पाण्याखाली किंवा ओली राहते, अशा प्रदेशाला पाणथळ म्हणतात. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारत त्यात १९८२ मध्ये सहभागी झाला. या करारात नैसर्गिक पाणथळांबरोबर माणसाने निर्माण केलेल्या पाणथळांनाही स्थान आहे, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या संदर्भात ही बाब निर्णायक ठरली. राज्य शासनाने १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटरचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केला. पुढे त्यातील १,४३७ हेक्टरांचे पाणथळ क्षेत्र रामसर यादीत दाखल झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये ही घोषणा झाली तेव्हा ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. त्या नोंदीत येथे सजीवांच्या एकूण ५३६ जाती आढळल्याचे नमूद आहे. त्यांत उसाच्या शेतांत वावरणारा बिबट्या आहे, अतिसंकटग्रस्त ठरलेली गिधाडे आहेत, आणि देवळालीजवळच्या दारणा नदीवरून ओळखला जाणारा एक इवलासा दुर्मीळ मासाही आहे. एकट्या पाखरांच्या जाती २०० हून अधिक भरतात. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे या स्थळाचे रूढ झालेले विशेषण थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या नावाशी जोडले जाते. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेवही माणसाने बांध घालून घडवलेलेच पाणथळ आहे, हे लक्षात घेतले तर ही तुलना केवळ गौरवाची राहत नाही.

चंद्राची भरती आणि कालव्याचे आवर्तन

महाराष्ट्रात पाणपक्ष्यांचे दुसरे मोठे केंद्र असलेली ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत आली. खाडी म्हणजे समुद्राचे पाणी जेथे जमिनीत आत शिरते आणि नदी-नाल्यांच्या गोड्या पाण्यात मिसळते तो भाग. तेथे साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. ओहोटीला चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडले की रोहित, तुतवार आणि त्यांचे सोबती चरायला उतरतात आणि भरती आली की उंच जागी विसाव्याला जातात. खाडीकाठचा पक्षिनिरीक्षक म्हणून घरातून निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहतो, कारण तासभर उशीर झाला तर पाखरे कोठे असतील हे त्या वेळापत्रकावरच अवलंबून असते.

नांदूर मध्यमेश्वर समुद्रापासून दूर, पठारावर आहे. तरीही तेथे एका अर्थाने भरती-ओहोटी आहे. ती चंद्राच्या ओढीने होत नाही, तर आवर्तनाने होते. कालव्याला ठरावीक मुदतीसाठी पाणी सोडण्याच्या पाळीला पाटबंधारे खात्याच्या आणि शेतकऱ्यांच्या भाषेत आवर्तन म्हणतात. रब्बीच्या पिकांसाठी हिवाळ्यात आणि उसासारख्या पिकांसाठी व पिण्याच्या पाण्यासाठी उन्हाळ्यात अशी आवर्तने ठरवली जातात. आवर्तन सुरू होण्याच्या सुमारास वरच्या धरणांतून पाणी आले की बंधाऱ्यामागची पातळी वाढते, काठाचा चिखल बुडतो आणि गाळाची खालची बेटे दिसेनाशी होतात. आवर्तन संपून पाणी ओसरले की तीच बेटे पुन्हा वर येतात आणि ओल्या चिखलाची नवी किनार तयार होते. समुद्राची भरती काही तासांची असते, तर ही अनेक दिवसांची. समुद्राची भरती अचूक सांगता येते, तर ही पावसाच्या, धरणसाठ्याच्या आणि पाण्याच्या वाटपाच्या निर्णयांवर ठरते. नाशिक परिसरात नेमाने पाखरे पाहणाऱ्याला म्हणूनच पाटाला पाणी कधी सुटले याची माहिती पंचांगाइतकी उपयोगी पडते.

पाण्याची खोली आणि पाखराची घडण

एकाच जलाशयात पाखरांच्या इतक्या जाती परस्परांच्या अन्नावर तुटून न पडता कशा राहतात, या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या खोलीत आहे. पाय, मान आणि चोच यांची लांबी व घडण वेगवेगळी असल्यामुळे प्रत्येक जात खोलीच्या ठरावीक टप्प्यातच पोट भरू शकते, आणि काठापासून मध्यापर्यंत नजर फिरवत गेल्यास हे टप्पे एखाद्या नकाशासारखे उलगडत जातात.

सर्वांत बाहेर, पाणी नुकतेच ओसरलेल्या चिखलावर, तुतवार, चिखले, टिटव्या आणि धोबी फिरतात. येथेच गवताच्या बुंध्याशी मातीच्या रंगात मिसळून पाणलावा बसलेला असतो. त्याच्या लांब चोचीच्या टोकाशी संवेदनशील मज्जातंतू असतात आणि ते टोक चोचीचा उरलेला भाग मिटलेला असतानाही उघडता येते, त्यामुळे चिखलात खोल दडलेली अळी न पाहता, केवळ स्पर्शाने त्याला पकडता येते. चिखलाच्या या पट्ट्यापासून आत, घोट्याएवढ्या पाण्यात, गुलाबी काटकुळ्या पायांचा शेकाट्या चालतो आणि शराटी आपली वाकडी चोच तळाशी खुपसत राहतो. गुडघाभर पाण्यात चमचा दिसतो, ज्याच्या चोचीचे टोक पळीसारखे चपटे असते; अर्धवट उघडलेली चोच तो पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत पुढे जातो आणि मासा किंवा किडा आत लागताच ती मिटून घेतो. जवळच चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचा, याच रीतीने पण एका जागी उभा राहून चोच पाण्यात धरून ठेवतो, तर मुग्धबलाकाच्या दोन जबड्यांमध्ये कायम फट असते, जिचा उपयोग त्याला गोड्या पाण्यातील शंखवाल्या गोगलगायी हाताळून त्यांतील मांस काढण्यासाठी होतो.

याहून किंचित खोल पाण्यात बदकांचे राज्य सुरू होते, आणि त्यांचे दोन गट ध्यानात ठेवले की ओळखण्याचे निम्मे काम संपते. पहिला गट उथळ पाण्यात डोके खाली, शेपूट वर करून तळातील वनस्पती व बिया खाणाऱ्या बदकांचा. त्यात तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, गडवाल आणि स्थानिक हळदी-कुंकू बदक येतात. तलवार बदकाची मान लांब असल्यामुळे ते इतरांपेक्षा थोड्या खोल जागी पोहोचते, तर थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच कडेला फणीसारख्या दातेरी पडद्यांनी युक्त असते आणि पाण्याचा पृष्ठभाग गाळून सूक्ष्म जीव टिपते. दुसरा गट बुडी मारणाऱ्या बदकांचा; लालसरी आणि शेंडी बदक हे त्याचे प्रतिनिधी असून त्यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात, त्यामुळे ती जमिनीवर अवघडल्यासारखी चालतात पण पाण्याखाली सहज पोहतात. पातळी वाढली की हा दुसरा गट जवळ येतो आणि पहिला गट कडेच्या उथळ भागाकडे सरकतो. कोणत्या गटाची संख्या अधिक आहे, एवढ्यावरूनही त्या आठवड्यातील पाण्याचा अंदाज बांधता येतो.

खोल पाण्यात पाणकावळे आणि तिरंदाज मासे धरतात. तिरंदाजाची पिसे पाण्यात चटकन भिजतात, त्यामुळे शरीर जड होऊन तो फक्त मान वर ठेवून पोहू शकतो, आणि मग वाळण्यासाठी त्याला पंख पसरून बसावे लागते. पाणवनस्पतींच्या पट्ट्यात जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचे कोंभ पायाने धरून सोलते आणि कमळपक्षी आपल्या विलक्षण लांब बोटांवर शरीराचा भार विभागून तरंगत्या पानांवरून चालत जातो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात मादी एकापेक्षा अधिक नरांशी जोडी जमवते आणि अंडी उबवण्याचे व पिले वाढवण्याचे काम नर करतो, ही पक्षिजगतातील विरळ व्यवस्था येथे पावसाळ्यात पाहण्यास मिळते. पाण्यावर काळ्या ठिपक्यांप्रमाणे पसरलेला थवा बहुधा वारकऱ्यांचा असतो. या पाखराच्या काळ्या कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा पट्टा असतो आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. चोचीवर पिवळा आणि लाल ठिपका मिरवणारे हळदी-कुंकू बदक, कवडीसारखा काळा-पांढरा कवड्या धीवर, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, यांचीही नावे पाहणाऱ्याने आपल्या घरातील आणि शेतातील वस्तूंवरून ठेवलेली असल्यामुळे ती ओळख पटवण्याचे काम पुस्तकातील वर्णनाइतकेच चोख करतात. अशी नावे गोळा करून ती मराठीत स्थिर करण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ या ग्रंथाद्वारे केले.

पाण्याची हद्द संपली तरी निरीक्षणाचे क्षेत्र संपत नाही. सभोवतालच्या गहू-हरभऱ्याच्या शेतांत थंडीत क्रौंच चरायला उतरतात, गवताळ पट्ट्यांवरून भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत संथ घिरट्या घालतो, आणि दलदली भोवत्या लव्हाळ्यांवरून एक फेरी मारतो तेव्हा सारा जलाशय एकदम उडतो, ज्यामुळे तोवर गवतात लपलेली संख्या निरीक्षकाला प्रथमच दिसते.

पाखरांचे वर्ष

जून ते सप्टेंबर हा येथे स्थानिक पाखरांच्या विणीचा मुख्य काळ असतो. पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबरपासून, उत्तरेकडून येणारे पहिले पाहुणे दिसू लागतात; धोबी आणि तुतवार आधी येतात, बदकांमध्ये भुवई बदक लवकर येते, आणि पुढे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात थवे मोठे होत जातात. सायबेरिया, मंगोलिया आणि मध्य आशियापासून हिमालय ओलांडून भारतीय उपखंडात उतरणाऱ्या या आकाशमार्गाला मध्य आशियाई स्थलांतरमार्ग म्हणतात. पट्टकादंब हा हंस तिबेट, मंगोलिया आणि लडाखकडे वीण घालतो आणि हिवाळ्यात दख्खनच्या जलाशयांवर येतो. उपग्रहाला संकेत पाठवणारी यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासांत तो हिमालय ओलांडताना ७,००० मीटरहून अधिक उंचीवर आढळला आहे, आणि त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू अधिक घट्ट पकडते, हे त्यामागचे एक कारण आहे. संस्कृत व मराठी काव्यात विरहाचे प्रतीक ठरलेला नारिंगी रंगाचा चक्रवाकही लडाखसारख्या उंच प्रदेशांतून येथे येतो.

नवख्या निरीक्षकाचा ऑक्टोबरमध्ये हमखास गोंधळ होतो, कारण आलेल्या बदकांतील नरही मादीसारखेच मळकट दिसतात. वीण संपल्यावर नर बदके उडण्याची सारी पिसे एकाच वेळी टाकतात, त्या काळात त्यांना उडता येत नाही, आणि शत्रूच्या नजरेत न भरणारा फिका पिसारा त्यांचे रक्षण करतो. डिसेंबर-जानेवारीपर्यंत खरे रंग पुन्हा चढतात. थंडीच्या लाटेत निफाडच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद होते त्या दिवसांत जलाशयावर बदकांचे रंग आणि संख्या दोन्ही भरात असतात. फेब्रुवारीअखेर पाखरांच्या हालचाली वाढतात, पुढच्या प्रवासासाठी ती अंगात चरबी साठवतात, आणि मार्चअखेरीपर्यंत बहुतेक थवे उत्तरेकडे निघून जातात. या काळात त्यांना अन्न आणि विसावा मिळाला की नाही, यावर हजारो किलोमीटर दूरच्या विणीचे यश अवलंबून असते. गोदाकाठचे काही आठवडे मंगोलियातील एका घरट्याशी अशा रीतीने जोडलेले आहेत.

पाहण्याची आणि मोजण्याची रीत

पक्षिनिरीक्षणाला फार मोठी साधने लागत नाहीत. दुर्बिणीवर लिहिलेल्या ८×४२ यासारख्या आकड्यांतील पहिला आकडा दृश्य किती पट जवळ येते ते दाखवतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. व्यास मोठा तितका पहाटेच्या अपुऱ्या उजेडात अधिक प्रकाश मिळतो, तर पटी फार वाढवल्यास हाताच्या कंपामुळे चित्र थरथरते, म्हणून नवख्यासाठी आठ पटींची दुर्बीण सोयीची ठरते. मोठ्या जलाशयावर दूरची बदके ओळखण्यासाठी तिकाटण्यावर बसवलेली एकनळी दुर्बीण वापरतात. चापडगाव आणि खाणगाव थडी या बाजूंनी अभयारण्यात प्रवेश करणाऱ्यांसाठी वनविभागाने निरीक्षण मनोरे उभारले आहेत आणि आसपासच्या गावांतील प्रशिक्षित तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात. कोणते पाखरू कोणत्या बेटावर कोणत्या पाण्याला बसते, याचे त्यांना असलेले ज्ञान रोजच्या वावरातून आलेले असते. सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडावी, कपडे मातकट असावेत, आणि पाखराच्या रंगाआधी त्याचा आकार, चोच, चाल आणि बसण्याची जागा पाहावी, हे येथील पहिले धडे होत.

ओळखण्यानंतरची पायरी मोजण्याची. हजारभर बदकांचा थवा एकेक करून मोजता येत नाही, म्हणून आधी त्यातील दहा किंवा पन्नास पाखरे नीट मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत साठवायची आणि तेवढी जागा संपूर्ण थव्यात किती वेळा मावते ते पाहायचे, ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. थवा मिश्र असेल तर आधी एकूण संख्या आणि मग जातींचे प्रमाण असे दोन टप्पे करतात. प्रत्येक नोंदीबरोबर तारीख, वेळ, हवा आणि पाण्याची पातळी लिहिली गेली पाहिजे, कारण त्यांच्याविना संख्येला अर्थ उरत नाही. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, जिच्यात अनेक देशांतील स्वयंसेवक एकाच पंधरवड्याच्या सुमारास आपापल्या पाणथळांवर मोजणी करतात. एखाद्या जलाशयावर पाखरे कमी झाली तर ती खरोखरच घटली की शेजारच्या जलाशयावर गेली, हे अशा एकत्रित मोजणीतूनच कळू शकते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस आहे, आणि नेमक्या याच सुमारास पाहुण्या थव्यांची नोंदवही उघडण्याची वेळ येते.

या छंदाला शिस्तही आहे. घाबरून उडालेल्या थव्याची चरण्याची वेळ जाते आणि जपून ठेवलेली ऊर्जा खर्ची पडते, म्हणून छायाचित्रासाठी पाखरांच्या अंगावर चालून जाणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना बोलावणे, ड्रोन उडवणे किंवा घरट्याजवळ रेंगाळणे हे टाळावे. जे दृश्य पाखराने न घाबरता दिले, तेच निरीक्षण म्हणून ग्राह्य मानले पाहिजे.

गाळ, जलपर्णी आणि माणसांचे हक्क

नांदूर मध्यमेश्वरचे प्रश्न त्याच्या जन्मकथेतूनच निघालेले आहेत. ज्या गाळाने पाखरांना आसरा दिला, त्याच गाळामुळे पुराचे पाणी वरच्या बाजूला तुंबते, असे चांदोरी, सायखेडा परिसरातील रहिवाशांचे म्हणणे असते, आणि गोदावरीला मोठा पूर आला की या गावांत शिरणारे पाणी त्यांच्या भीतीला आधार देते. सरसकट गाळ उपसला तर उथळ पाणथळ नष्ट होईल आणि काहीच केले नाही तर गावांचा धोका कायम राहील. त्यामुळे कोणत्या भागातील गाळ काढावा, कोणती बेटे राखावीत आणि हे काम कोणत्या महिन्यांत करावे, हे पाखरांच्या नकाशावरून ठरवणे आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न पाण्याच्या गुणाचा आहे. नाशिक शहराचे सांडपाणी आणि शेतातील खतांचा निचरा यांमुळे नदीत नत्र व स्फुरद वाढते, आणि मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी, जिला या भागात पाणवेली म्हणतात, त्यावर झपाट्याने पसरते. तिच्या दाट थरामुळे पाण्यात ऊन उतरत नाही, प्राणवायू घटतो, तळातील वनस्पती मरतात आणि बदकांना लागणारे मोकळे पाणी उरत नाही. पाणकोंबडी आणि कमळपक्षी यांना मर्यादित पाणवेली मानवते, हे खरे. म्हणूनच कमळपक्षी वाढलेले दिसतात पण बुडी मारणारी बदके कमी होतात तेव्हा नोंदवही पाण्याचे आजारपण सांगत असते, आणि एकूण संख्येकडे पाहून समाधान मानणाऱ्याला ते कळत नाही.

तिसरा प्रश्न वाटणीचा आहे. या पाण्यावर नाशिकच्या शेतकऱ्याचा, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा, शहरांच्या नळांचा आणि जायकवाडीवर विसंबलेल्या मराठवाड्याचा हक्क आहे; समन्यायी वाटपाच्या वादात नांदूर मध्यमेश्वर हे नाव याच कारणाने वारंवार येते. अशा रांगेत पाखरांची बाजू मांडणारा कोणी नसतो. परंतु पाखरांची मागणी पाण्याच्या परिमाणाची कमी आणि वेळेची अधिक आहे. त्यांच्यासाठी पाणी वेगळे राखून ठेवण्याची गरज नाही. पातळी एकदम न उतरता हळूहळू उतरली तर दर दिवशी ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते आणि तीच त्यांची शिदोरी ठरते, तर विणीच्या दिवसांत ती अकस्मात चढली तर बेटांच्या काठावरील अंडी बुडतात. हे पाणी पुढे कालव्यातच जाणार असते. त्याने थोडा अधिक अवधी घेतला तर पिकाचे पाणी कमी होत नाही.

ठाण्याच्या खाडीतील भरतीचे वेळापत्रक चंद्र ठरवतो आणि त्यात कोणाला बदल करता येत नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या भरतीचे वेळापत्रक मात्र माणसे ठरवतात. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत धरणसाठा, पिकांचे क्षेत्र आणि पिण्याच्या पाण्याची गरज यांचे आकडे समोर ठेवून आवर्तनाच्या तारखा निश्चित होतात. त्या आकड्यांशेजारी कोणत्या पातळीला कोणती पाखरे किती होती, याची अनेक हिवाळ्यांची सलग नोंद ठेवता आली, तर तारखांचा विचार करताना पाण्यावर जगणाऱ्या आणखी एका समूहाची गरज विचारात घेणे शक्य होईल. अशी नोंद कोणतीही यंत्रणा आपोआप तयार करत नाही. ती पहाटे मनोऱ्यावर उभे राहून वारकरी आणि थापटे मोजणाऱ्या, आणि वहीच्या पहिल्या रकान्यात न विसरता पाण्याची पातळी लिहिणाऱ्या निरीक्षकांच्या हातूनच तयार होते.